गोळीने भागतं तिथे ग्रंथी कशाला? (ऊती अभियांत्रिकी आणि संप्रेरकं)

आडवाट (धागाकर्ता)

१८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये आर्नोल्ड बर्थोल्ड नावाच्या प्राध्यापकाने सहा कोवळ्या कोंबड्यांवर एक प्रयोग केला. वृषणं काढली की कोंबडा मवाळ होतो, तुरा वाढत नाही, आरवणं आणि भांडणं थांबतं, हे लोकांना आधीपासून माहीत होतं. बर्थोल्डने काही कोंबड्यांची वृषणं काढून पोटाच्या पोकळीत ठेवून दिली. ते कोंबडे मोठे होऊन व्यवस्थित आरवले, मारामाऱ्याही केल्या. नंतर उघडून पाहिलं, तर पोटातल्या वृषणाला नवा रक्तपुरवठा मिळाला होता, मज्जातंतू मात्र जुळलेले नव्हते. म्हणजे निरोप रक्तातूनच जात होता. 'हार्मोन' (आपलं संप्रेरक) हा शब्द रूढ व्हायला अजून ५६ वर्षं होती.

हा प्रयोग आठवायचं कारण असं की ऊती अभियांत्रिकीवाल्यांना, म्हणजे पेशींपासून अवयव बनवू पाहणाऱ्यांना, ग्रंथी सगळ्यात सोपी वाटायला हवी. हृदयासारखा पंप नको, मूत्रपिंडासारख्या नळ्या नकोत. संप्रेरक बनवणाऱ्या पेशींची एक वस्ती रक्ताच्या काठाला कुठेही वसवली की झालं. घडण लागत नाही, जागाही ठरलेली नाही. तरीही जगातले बहुतेक रुग्ण आज गोळी किंवा सुई यावरच आहेत. असं का?

गंमत म्हणजे गोळी आली तीच रोपणाच्या पोटातून. १८९० मध्ये लिस्बनमधल्या दोन डॉक्टरांनी थायरॉईड निकामी झालेल्या एका बाईच्या कातडीखाली मेंढीच्या थायरॉईडचा तुकडा बसवला. दुसऱ्याच दिवशी तिला बरं वाटू लागलं. इतक्या लवकर त्या तुकड्यात रक्त खेळणं शक्यच नव्हतं, म्हणजे त्यातला रस अंगात जिरला असणार. मग तुकडा कशाला, रसच देऊ, असं म्हणत इंग्लंडमधल्या जॉर्ज मरेने १८९१ मध्ये मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचायला सुरुवात केली. त्याची पहिली रुग्ण त्यानंतर २८ वर्षं जगली.

हे चाललं, कारण थायरॉक्सिन रक्तात फार काळ टिकतं. त्याचं अर्धायुष्य साधारण ७ दिवस. एक दिवस गोळी विसरली तरी फारसं बिघडत नाही. उलट इन्शुलिनचं अर्धायुष्य पाचेक मिनिटं, पॅराथायरॉईडच्या (थायरॉईडला चिकटलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार छोट्या ग्रंथी) संप्रेरकाचंही तसंच, अधिवृक्क ग्रंथीच्या कॉर्टिसॉलचं तास-दीड तास. थायरॉक्सिन म्हणजे गच्चीवरची टाकी, दिवसातून एकदा भरली की पुरते. इन्शुलिन म्हणजे नळ, आणि त्याच्यापाशी सतत कुणीतरी उभं हवं. ते 'कुणीतरी' म्हणजे ग्रंथी.

तर माझं म्हणणं एवढंच: ऊती अभियांत्रिकीचा खरा उपयोग नळवाल्या ग्रंथींना. टाकीवाल्यांना गोळी पुरे. बोला.

कावळोबा

छान लिहिलंय. पण थायरॉईडच्या गोळीवर सगळेच खूश असतात हे कुणी सांगितलं? रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस मरगळलेला, असे कितीतरी दिसतात. गोळीत थायरॉक्सिन असतं, खरी ग्रंथी त्याबरोबर थोडं ट्रायआयोडोथायरोनिनही सोडते. टाकी भरली म्हणून पाणी तेच आहे असं नाही.

आडवाट

मान्य. 'पुरे' ऐवजी 'बहुतेकांना पुरे' असं वाचा.

निशिगंध_७

धागा मधूनच वाचला, क्षमस्व. माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे, नऊ वर्षांची होती तेव्हा कळलं. पंप आणि सेन्सर आहे. निदान झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, काळजी करू नका, पाच-दहा वर्षांत पेशी बसवता येतील. त्याला आता सात वर्षं झाली. अजूनही सगळे 'पाच-दहा वर्षांत'च म्हणतात. 😀 अडलंय कुठे, ते कुणी साध्या भाषेत सांगेल का?

पेशीपालक

ताई, मी याच विषयाच्या एका प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं काम करतो. डॉक्टर नाही, तेव्हा उपचारांचा सल्ला देणार नाही. पण अडलंय कुठे ते सांगता येईल.

स्वादुपिंडात लँगरहॅन्सची बेटं, म्हणजे इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके असतात, साधारण दहा लाख. एकेक बेट मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या भागाएवढं. सगळी मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच, पण स्वादुपिंडात येणाऱ्या रक्तातलं १० ते १५ टक्के हीच घेतात. ही अधाशी बेटं वेगळी काढायची म्हणजे त्यांचा रक्तपुरवठा आधीच तोडलेला असतो. मग ती यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत सोडतात. तिथून ती यकृतभर विखरून अडकतात. परक्या पेशी उघड्या रक्तात आल्या की रक्त लगेच चवताळतं, गुठळ्या होतात. उरलेल्यांना नवी केशवाहिनी मिळेपर्यंत दोन आठवडे उपाशी राहावं लागतं. पहिल्या काही दिवसांतच निम्म्याच्या वर बेटं मरतात असा अंदाज आहे.

तरीही २००० साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शापिरोंच्या गटाने ७ जणांवर हे केलं आणि सातही जणांचं इन्शुलिन सुटलं. स्टिरॉइड न वापरता प्रतिकारशक्ती दाबायची, कारण स्टिरॉइड बेटांतल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींनाच मारक, आणि एकाच दात्याच्या बेटांवर न थांबता पुरेशी बेटं द्यायची, ही त्यांची युक्ती. आमच्या क्षेत्रात त्या बातमीने अक्षरशः दिवाळी झाली. मग तीच पद्धत अनेक देशांत मिळून ३६ जणांवर केली. २००६ मध्ये निकाल आले. वर्षानंतर १६ जण इन्शुलिनशिवाय होते, दोन वर्षांनी त्यातले फक्त ५. मात्र ज्यांची थोडी बेटं तरी जिवंत राहिली, त्यांची रक्तशर्करा अचानक कोसळून बेशुद्ध पडणं थांबलं. यावर बातम्यांत कुणी फारसं बोललं नाही. रुग्णाला विचाराल तर मोठी गोष्ट तीच होती.

कावळोबा

म्हणजे एका माणसाला दोन-दोन मृत दाते, वर जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. त्यातली काही औषधं मूत्रपिंड खराब करतात. एक आजार देऊन दुसरा घेतला.

पेशीपालक

अगदी. म्हणून हे फक्त अशांना देतात ज्यांना साखर कोसळल्याचं कळतच नाही आणि त्यामुळे जीव धोक्यात असतो. अमेरिकेत दात्याच्या बेटांच्या अशा एका उपचाराला अधिकृत मान्यता मिळाली ती थेट २०२३ मध्ये.

दात्यांचा प्रश्न मूलपेशींनी, म्हणजे हव्या त्या पेशीत बदलू शकणाऱ्या पेशींनी, बराचसा सोडवला. २०१४ मध्ये हार्वर्डच्या डग मेल्टन यांच्या गटाने आणि आणखी एका गटाने, दोघांनी वेगवेगळं, मानवी मूलपेशींपासून ग्लुकोज ओळखणाऱ्या बीटा पेशी मोठ्या संख्येने बनवून दाखवल्या. कृती म्हणजे काय, तर गर्भात स्वादुपिंड जसं घडतं तेच टप्पे बाटलीत करून घ्यायचे. ठरलेल्या दिवशी ठरलेली रसायनं, महिनाभर. एखादा टप्पा एक दिवस चुकला की भलत्याच पेशी तयार होतात. आमचे कितीतरी शनिवार-रविवार त्यात गेलेत.

त्याच वाटेने पुढे आलेल्या पेशींचे निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षाअखेर इन्शुलिन घेत नव्हते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र होतीच. त्या अभ्यासातल्या दोघांचा मृत्यू झाला, एकाचा बुरशीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराने, दुसऱ्याचा आधीपासून असलेला स्मृतिभ्रंश बळावल्याने. पहिला धोका त्या औषधांबरोबर येणारच. नऊ वर्षांच्या मुलीला हे द्यावं का, यावर डॉक्टर का थबकतात ते यात आलं.

निशिगंध_७

आता सोळाची आहे. पण समजलं. मग ती पिशवीत घालून पेशी ठेवतात म्हणे, त्याचं काय झालं? त्यात औषधं लागत नाहीत ना?

पेशीपालक

ते आमच्या क्षेत्राचं सगळ्यात देखणं स्वप्न. पेशी अशा चाळणीत ठेवायच्या की साखर आणि प्राणवायू आत येतील, इन्शुलिन बाहेर जाईल, पण पांढऱ्या पेशी आत घुसू शकणार नाहीत. १९८० मध्ये लिम आणि सन या दोघांनी समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या थेंबांत बेटं बंद करून मधुमेही उंदरांवर ते करूनही दाखवलं. तिथून माणसापर्यंत यायला जो वेळ लागतोय, त्याला मुख्यतः दोन गोष्टी जबाबदार आहेत.

पहिली, शरीर. पिशवी परकी आहे हे त्याला कळतं. खाऊन संपवता येत नाही म्हटल्यावर ते तिच्याभोवती तंतूंचं कडक आवरण विणतं. आतल्या पेशींच्या दृष्टीने ती जिवंत समाधी.

दुसरी, प्राणवायू. केशवाहिनीपासून साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंतच तो पेशींना पुरतो. पिशवीत केशवाहिनी शिरू शकत नाही, नाहीतर पिशवीचा उपयोगच काय. मग पेशी विरळ ठेवाव्या लागतात आणि पुरेशा पेशी मावायला पिशवी अवाढव्य होते. एका गटाने पिशवीला प्राणवायूची टाकी जोडली आणि ती रोज बाहेरून भरायची सोय केली. माणसांत सुरक्षित ठरली, पण इन्शुलिन नगण्य. वर सांगितलेल्या मूलपेशींच्याच कंपनीने पिशवीचाही प्रयोग केला होता, २०२५ मध्ये परिणाम अपुरा म्हणून थांबवला. तेच बी, उघड्यावर उगवलं, पिशवीत नाही. इतकी स्वच्छ तुलना आमच्याकडे क्वचित मिळते.

गणित_चुकलं

थ्रीडी प्रिंटरने थायरॉईड छापला होता ना रशियात? मग छापा की सगळं, केशवाहिन्यांसकट.

पेशीपालक

छापला होता, उंदराचा. मॉस्कोच्या गटाचा तो शोधनिबंध २०१७ चा. पण छापलं काय? गर्भातल्या थायरॉईडचे तुकडे आणि रक्तवाहिन्या बनवू शकणाऱ्या पेशींचे गोळे शेजारी शेजारी ठेवले. पुढचं विणकाम पेशींनी स्वतः केलं. प्रिंटरने फक्त शेजार जुळवून दिला. मग ते थायरॉईड निकामी केलेल्या उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली ठेवलं आणि तिथे ते काम करू लागलं.

एक घरातली गोष्ट सांगतो. उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली जवळजवळ काहीही जगतं. रक्त भरपूर, जागा उबदार. माणसाच्या तिथे तेवढी जागाही नाही आणि तसा प्रतिसादही मिळत नाही. त्यामुळे 'उंदरात यश' अशी बातमी आली की मी आधी शोधतो, पेशी ठेवल्या कुठे.

सुईदोरा

मी पॅराथायरॉईडवाली. थायरॉईड काढताना चारही पॅराथायरॉईड गेल्या किंवा दुखावल्या, नक्की काय ते मला कुणी धड सांगितलं नाही. कुठे झालं ते लिहीत नाही. शुद्धीवर आल्यावर ओठांभोवती मुंग्या, मग बोटं आखडून हात पक्ष्याच्या चोचीसारखा. रक्तातलं कॅल्शियम घसरलं होतं. तेव्हापासून कॅल्शियम आणि सक्रिय ड जीवनसत्त्व चालू आहे. लोक म्हणतात, थायरॉईड गेला म्हणजे मोठंच झालं असेल. मी म्हणते, थायरॉईडची गोळी मी विसरूनही जाते. छळ मांडलाय तो तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चौघींनी. आडवाट यांचं टाकी आणि नळ वाचून पहिल्यांदा वाटलं की माझी तक्रार कुणाला तरी समजली.

पेशीपालक

सुईदोरा, तुमच्या ग्रंथीच्या बाबतीत एक साधी गोष्ट कित्येक दशकं चालू आहे. शस्त्रक्रियेत पॅराथायरॉईडचा रक्तपुरवठा तुटलाय असं लक्षात आलं, तर सर्जन तिचे बारीक तुकडे करून मानेच्या किंवा हाताच्या स्नायूत रुजवतात. तुकडे बारीक असल्यामुळे सुरुवातीला आजूबाजूने झिरपणाऱ्या प्राणवायूवर तगतात, मग नव्या वाहिन्या येतात. काही आठवड्यांत काम सुरू होतं. स्वतःच्याच पेशी, म्हणून औषधं नकोत. हातात लावण्याचं कारणही व्यवहारी आहे. पुढे ती जास्त काम करायला लागली तर मान पुन्हा उघडावी लागत नाही, हातातूनच काढता येते. ऊती अभियांत्रिकी हा शब्द रूढ होण्याच्या आधीपासून हे चालू आहे.

अर्थात ग्रंथी हातात यायला हवी. एकदा ती फेकल्या गेलेल्या थायरॉईडबरोबर गेली की संपलं. १९९७ मध्ये जर्मनीत दोन रुग्णांमध्ये दुसऱ्या माणसाच्या पॅराथायरॉईड पेशी अल्जिनेटच्या थेंबांत घालून, प्रतिकारशक्ती न दाबता बसवल्या होत्या. चालल्याही. पण ती वाट पुढे राजरस्ता झाली नाही.

सुईदोरा

म्हणजे काढलेल्या तुकड्यात ती होती का, हे त्याच वेळी पाहिलं असतं तर... असो.

कावळोबा

सुईदोरा, वाईट वाटलं वाचून.

आता धागाकर्त्याला कोपऱ्यात घेतो. नळाची टाकी करता येते की! पॅराथायरॉईड संप्रेरकाला एका वाहकाला बांधून हळूहळू सुटेल असं रोजचं इंजेक्शन आलंय, अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. आठवड्यातून एकदा घ्यायचं इन्शुलिनही आलं. आणि निशिगंध ताईंच्या मुलीचा पंप-सेन्सर म्हणजे नळापाशी उभं केलेलं यंत्रच. रसायनवाले आणि यंत्रवाले दोन बाजूंनी येत असताना पेशीवाल्यांची शर्यत रोगाशी नाही, यांच्याशी आहे. आणि यांच्यात बुरशीने कुणी मरत नाही.

आडवाट

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुलना रिकाम्या हातांशी नाही, चांगल्या पंपाशी आहे, हे खरं.

तरी आठवड्याचं इन्शुलिन म्हणजे फक्त तळाचा साठा, जेवणाच्या वेळी नळ लागतोच. आणि यंत्राचा सेन्सर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते. इन्शुलिनही कातडीखालीच सुटतं, रक्तात पोचायला आणखी वेळ. बीटा पेशी रक्ताच्या काठावर बसून त्याच क्षणी चाखते आणि त्याच क्षणी सोडते.

निशिगंध_७

पंप चांगलाच आहे, आधीच्या सुयांच्या मानाने तर स्वर्ग. पण रात्री दोनला तो ओरडतो. आम्ही दोघंही उठतो, ती उठत नाही. यंत्र नळापाशी उभं आहे, पण यंत्रापाशी आम्ही उभे आहोत.

मृदगंधा

मला बीजकोशाबद्दल (ओव्हरी) विचारायचं होतं. कर्करोगाच्या उपचारांत कमी वयात पाळी गेलेल्या बायकांसाठी काही चाललंय का? मूल नको, पण हाडं आणि हृदय तरी सांभाळली जावीत.

पेशीपालक

चाललंय, आणि त्यातलं एक काम आडवाट यांच्या 'घडण लागत नाही' या वाक्याला आडवं जातं.

२०१७ मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जिलेटिनच्या धाग्यांचा सांगाडा छापून त्यात उंदराची बीजपुटकं (अंडं आणि त्याभोवतीच्या पेशींचे गोळे) बसवली आणि बीजकोश काढलेल्या माद्यांमध्ये तो रोपला. माद्यांना पिल्लं झाली, त्यांनी ती पाजलीसुद्धा, म्हणजे संप्रेरकांचं चक्र चालू होतं. मजा अशी की धागे एकमेकांवर किती अंशांत टाकले यावर पुटकं जगणं ठरत होतं. त्याला सगळ्या बाजूंनी कवेत घेणारा कोपरा मिळाला तर ते गोल राहतं, नाहीतर पसरून मरतं.

तुमच्या प्रश्नाच्या जवळचं काम मात्र दुसरं आहे. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्टच्या गटाने उंदरांत अल्जिनेटच्या गोळीत दोन थर केले, आत ग्रॅन्युलोसा पेशी, बाहेर थीका पेशी, बीजकोशात असतात तसे. थीका पेशी अँड्रोजन बनवतात, ग्रॅन्युलोसा त्याचं इस्ट्रोजेन करतात. एकीचा माल दुसरीचा कच्चा माल. पिट्युटरीचा (मेंदूखालच्या मुख्य ग्रंथीचा) निरोप ऐकून हे आपोआप कमी-जास्त होतं. हाडांवरही चांगला परिणाम दिसला. माणसांपर्यंत अजून यायचंय.

थायरॉईडचंही तेच. २०१२ मध्ये ब्रसेल्सच्या गटाने उंदराच्या मूलपेशींत दोन जनुकं चालू करून थायरॉईड बनवला. पेशी सपाट थाळीत न वाढवता त्रिमितीत वाढवल्या आणि त्यांनी पोकळ गोळे बांधले. हा गोळा हवाच, कारण संप्रेरकाचा कच्चा साठा त्या पोकळीत राहतो. थोडक्यात, अख्ख्या अवयवाचा आकार नसला तरी चालतं. मिलिमीटरच्या दहाव्या भागातली घडण मात्र सोडता येत नाही.

गणित_चुकलं

अधिवृक्क (ॲड्रिनल) राहिली. माझ्या मामाला ॲडिसन आहे, म्हणजे तीच ग्रंथी निकामी, कायम इंजेक्शन जवळ बाळगतो.

आडवाट

ॲडिसनवाल्यांचं दुखणं खास आहे. कॉर्टिसॉल पहाटे चढतं, रात्री उतरतं, आणि ताप, अपघात, शस्त्रक्रिया आली की एकदम उसळायला हवं. गोळ्या घड्याळाप्रमाणे घेता येतात, पण अपघात घड्याळ बघून येत नाही. म्हणून ते इंजेक्शन. १९९७ मध्ये गाईच्या अधिवृक्काच्या पेशींवर उंदीर जगवून दाखवले होते. वर पेशीपालक यांनी प्राणवायूची टाकी जोडलेली पिशवी सांगितली, तीही पुढे गाईच्याच पेशी घालून प्राण्यांत वापरली गेली.

बिघाड वरच्या मजल्यावर, म्हणजे पिट्युटरीत असेल, तर जपानमध्ये योशिकी सासाईंच्या प्रयोगशाळेत २०११ मध्ये मूलपेशींनी स्वतःहून पिट्युटरी घडवली होती. मात्र तिला शेजारी हायपोथॅलॅमससारखा (मेंदूचा पिट्युटरीला हुकूम देणारा भाग) थर लागला, गर्भात लागतो तसाच. पुन्हा शेजारच.

निशिगंध_७

शेवटचा प्रश्न. अशी बातमी आली की मी वाचताना काय बघावं? दर वेळी हुरळून जाते आणि मग नवरा हसतो.

पेशीपालक

सी-पेप्टाइड किती, ते बघा. शरीर स्वतः इन्शुलिन बनवतं तेव्हाच ते तयार होतं, बाहेरच्या इन्शुलिनमध्ये नसतं. म्हणजे पेशी जिवंत आहेत की नाही याचा तो पुरावा. मग प्रतिकारशक्ती दाबली होती का. २०२४ मध्ये चीनमधल्या एका तरुणीची बातमी गाजली, तिच्याच पेशींपासून बनवलेली बेटं पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवली आणि ७५ दिवसांत इन्शुलिन सुटलं. खरं आहे, पण यकृत प्रत्यारोपणामुळे ती आधीच त्या औषधांवर होती. त्यांच्याविना पेशी टिकल्या असत्या का, हे तिच्यावरून कळत नाही.

उलट २०२५ मध्ये स्वीडनच्या उप्साला इथली बातमी फारशी कुणी वाचली नाही. दात्याच्या बेटांमधली परकेपणाची ओळखपत्रं जनुकं कापून काढली, 'मला खाऊ नका' सांगणारं सीडी४७ हे प्रथिन वाढवलं आणि एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत टोचली. औषधं शून्य. १२ आठवड्यांनी सी-पेप्टाइड सापडत होतं. मात्रा मुद्दाम अगदी कमी होती, इन्शुलिन सुटलं नाही, आणि माणूस एकच. तरी माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच.

आणि काही बिघडलं तर पेशी परत काढता येतील का, हेही बघा. यकृतात विखुरलेल्या काढता येत नाहीत. प्रतिकारशक्तीला न दिसणारी पेशी उद्या गाठ बनवायला लागली तर शरीर तिला रोखणार कसं? म्हणून हाताचा स्नायू. सुईदोरा यांच्या ग्रंथीचे सर्जन तिथे कधीच पोचले होते.

निशिगंध_७

सी-पेप्टाइड, औषधं, परत काढता येतं का. लिहून फ्रिजवर लावते. धन्यवाद दादा.

आडवाट

मूळ लेखातलं 'घडण लागत नाही' काढायला गेलो होतो, पण संपादनाची मुदत संपली आहे. तेवढं वाक्य खोडलंय असं समजून वाचा.